सातव्या मिनिटाचा प्रश्न

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीच्या भागात मोटारीला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे. दोन कमानींमध्ये दहा किलोमीटरचे अंतर धरले, तर ते कापायला नियमाने निदान सहा मिनिटे लागली पाहिजेत. पहिल्या कमानीवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचून वेळ टिपतो, दुसऱ्या कमानीवरचा कॅमेराही तेच करतो आणि संगणक दोन वेळांची वजाबाकी करतो. सहा मिनिटे भरायच्या आत गाडी पोचली, तर तिने मर्यादा मोडली, इतका हा सरळ हिशेब आहे. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा आणि तो मागे पडला की पुन्हा सुसाट सुटायचे, ही सवय सरासरी वेग मोजणाऱ्या या पद्धतीपुढे टिकत नाही. म्हणूनच 94.5 किलोमीटरच्या या मार्गावर जुलै 2024 मध्ये अशी यंत्रणा चलान काढू लागली, तेव्हा मला ते पटले होते आणि आजही पटते. माझा प्रश्न त्या सहा मिनिटांनंतरचा आहे. जी गाडी नियमात राहून सहा मिनिटे वीस सेकंदांनी दुसऱ्या कमानीखालून गेली, तिच्या नोंदीचे सातव्या मिनिटाला काय होते?

तिचा क्रमांक, तारीख, वेळ, जाण्याची दिशा आणि पुढच्या काचेतून दिसलेली माणसे, यांतले काय उरते, किती दिवस उरते आणि कोणाला पाहता येते? रस्त्यावरच्या बहुसंख्य चालकांचा संबंध दंडाशी कधीतरीच येतो. या प्रश्नाशी मात्र तो प्रत्येक फेरीला येतो.

वेगाचा विषय निघाला की आधी मेलेल्या माणसांची आठवण ठेवावी, असे मला वाटते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले, त्यांत 1,68,491 माणसे गेली आणि त्यांपैकी सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. एखाद्या मध्यम शहराची वस्ती दर वर्षी पुसली जावी, एवढा हा आकडा आहे. त्यामुळे खासगीपणाचे नाव पुढे करून कॅमेरे काढा म्हणणाऱ्यांत मी नाही. वेग मोडणाऱ्याला पकडलेच पाहिजे आणि वशिल्याने सुटता येणार नाही अशा यंत्राने पकडले, तर उत्तमच. पण पकडण्यासाठी जेवढे कळणे आवश्यक आहे, तेवढेच यंत्रणेला कळावे. अपराध टिपण्याचा अधिकार तिला आहे. प्रवास टिपून ठेवण्याचा नाही.

आपला कायदा या बाबतीत अर्ध्यावर थांबलेला आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 136अ आले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग व शहरांतील रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार मिळाला. ऑगस्ट 2021 मध्ये त्याखालचा नियम 167अ आला. तो वाचताना आधी समाधानच वाटते. उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, ते दर वर्षी नवे करून घ्यायला हवे, रस्त्यावर सूचनाफलक हवा, अपराधाची नोटीस पंधरा दिवसांत जायला हवी आणि चलानाचा निकाल लागेपर्यंत त्याचा पुरावा जपून ठेवायला हवा. हे सारे योग्य आहे. मात्र यातला शब्द न् शब्द ज्याने नियम मोडला त्याच्याबद्दल आहे. ज्याने मोडला नाही त्याचे छायाचित्र आणि त्याची वेळ पुसून टाकावी, असे सांगणारे वाक्य या नियमात नाही. अपराध्याची नोंद कधी संपेल हे ठरलेले असावे आणि निरपराध्याची कधी संपेल हे ठरलेलेच नसावे, ही गोष्ट मला कायद्याचा मसुदा करताना राहून गेलेली साधी चूक वाटत नाही. निरपराध माणसाचाही इथे काही हक्क गुंतलेला आहे, हे कोणाच्या मनातच आले नसावे.

हा हक्क कशाचा, हे मला एका लहान प्रसंगातून कळले. आईला तपासणीसाठी दुसऱ्या गावी नेत होतो. गाडी भावाच्या नावावर होती आणि भाऊ परगावी होता. निकाल हाती येईपर्यंत त्याला काही सांगायचे नाही, असे आईनेच ठरवले होते. वाटेत एका महामार्गावर माझ्याकडून मर्यादा ओलांडली गेली. चलानाचा संदेश अर्थातच नोंदणीकृत मोबाइलवर, म्हणजे भावाला गेला. त्याने दुवा उघडला, तर नंबरप्लेटचा मोठा करून काढलेला तुकडा, सेकंदापर्यंतची वेळ, ठिकाणाचे नाव आणि शेजारी संपूर्ण गाडीचे छायाचित्र. त्या छायाचित्रात माझ्या बाजूच्या आसनावर, शालीत गुरफटून डोळे मिटून बसलेली आई स्पष्ट दिसत होती. दंड रास्त होता आणि मी तो भरला. पण वेग सिद्ध करायला आईच्या चेहऱ्याची काही गरज नव्हती. आमच्या घरात यावरून चार चिंतेचे फोन झाले, एवढ्यावर भागले. नवऱ्याच्या नावावरची गाडी घेऊन वकिलाला किंवा समुपदेशकाला भेटायला निघालेल्या बाईच्या घरी हाच संदेश गेला, तर एवढ्यावर भागेल असे नाही.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. फ्रान्समध्ये दंडाच्या पत्रासोबत छायाचित्र घरी धाडतच नाहीत. ज्याला हवे त्याने ते मागवून घ्यायचे. जर्मनीत पुराव्याच्या छायाचित्रातला सहप्रवाशाचा चेहरा झाकण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही चलानात नंबरप्लेटचा तुकडा पुरेसा आहे, आणि वाद झाला तर मूळ छायाचित्र लोकन्यायालयात किंवा दंडाधिकाऱ्यापुढे दाखवता येईल.

इथे एका शब्दाबद्दल थोडे बोलले पाहिजे. या विषयावर मराठीत लिहिताना आपण सर्रास ‘गोपनीयता’ म्हणतो. त्या शब्दात काहीतरी गुप्त ठेवण्याचा अर्थ आहे, आणि मग लगेच प्रश्न येतो की ज्याच्या मनात काळेबेरे नाही त्याला लपवायचे काय? मला ‘खासगीपण’ हा शब्द जवळचा वाटतो. आपण घराचे दार लावून घेतो, ते आत गुन्हा चालला आहे म्हणून नव्हे; घर आपले आहे म्हणून. के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने मान्य केला, तो हाच हक्क. त्या निकालाने सरकारला मनाई केलेली नाही, अटी घातल्या आहेत: कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि हस्तक्षेप त्या हेतूच्या प्रमाणात हवा. वेगनियंत्रणाला आधार आहे, हेतूही निर्विवाद आहे. अडते ते प्रमाणापाशी.

आणि प्रमाणाचा हा प्रश्न आता कमानींपुरता राहिलेला नाही. कॅमेरा कितीही चांगला असला तरी तो रस्त्याच्या एका बिंदूवर उभा असतो. आजची गाडी स्वतःच बोलू लागली आहे. 2019 पासून आपल्या बाजारात इंटरनेटला जोडलेल्या मोटारी येऊ लागल्या. मालकाच्या मोबाइलवर गाडीचा ठावठिकाणा आणि वेग दिसतो, ठरलेल्या हद्दीबाहेर ती गेली तर सूचना येते. प्रवासी वाहतुकीच्या नव्या गाड्यांना त्याच वर्षापासून एआयएस-140 मानकाचे स्थानदर्शक उपकरण आणि आपत्कालीन बटण सक्तीचे झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सर्वांना सक्तीचा झाला. सप्टेंबर 2024 मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने, कापलेल्या अंतरानुसार पथकर घेण्याची तरतूद राष्ट्रीय महामार्गांच्या नियमांत आली. ती देशभर लगेच लागू होणार नसल्याचे नंतर मंत्रालयाने स्पष्ट केले, पण दिशा ठरलेली दिसते. यातल्या कोणत्याही साधनाचा मूळ हेतू चलान काढणे हा नाही. तरी प्रत्येकाजवळ स्थान आणि वेळ आहे, आणि स्थान व वेळ मिळाली की वेग काढायला शाळेतले गणित पुरते. ‘माहिती आहेच, मग दंडासाठी का वापरू नये?’ हा प्रश्न कोणीतरी विचारणार, आणि तो विचारला जाण्याआधी उत्तर ठरलेले असले पाहिजे.

कॅमेऱ्याला तुम्ही एका जागी दिसता. गाडीने स्वतः पाठवलेल्या नोंदीत तुम्ही अखंड दिसता. गाडी रात्री जिथे उभी राहते ते तुमचे घर, सकाळी दहाला जिथे थांबते ते कामाचे ठिकाण, दर गुरुवारी जिथे तासभर असते ते मंदिर किंवा दवाखाना. यावर नाव काढून टाकले की झाले, असे सांगितले जाते. ते खरे नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या, तेव्हा स्थान आणि वेळ यांचे अवघे चार बिंदू 95 टक्के माणसांना गर्दीतून वेगळे काढायला पुरेसे ठरले. आपल्या येण्याजाण्याचा नकाशा हाताच्या ठशाइतका आपला असतो.

माहिती एकदा साठली की ती मूळ कामापुरती राहत नाही, याला आपल्याच देशात दाखले आहेत. मार्च 2019 मध्ये मंत्रालयाने घाऊक माहितीविक्रीचे धोरण आणले. वाहन नोंदणीच्या सुमारे 25 कोटी आणि चालक परवान्यांच्या सुमारे 15 कोटी नोंदी त्या वेळी सरकारजवळ होत्या, आणि व्यापारी संस्थांसाठी वर्षाची किंमत 3 कोटी रुपये ठेवली होती. त्या जुलैत संसदेला मिळालेल्या उत्तरानुसार 87 खासगी कंपन्या आणि 32 सरकारी संस्थांना या नोंदी खुल्या झाल्या होत्या आणि त्यातून 65 कोटी रुपये मिळाले होते. गैरवापर आणि खासगीपण या कारणांनी जून 2020 मध्ये हे धोरण मागे घ्यावे लागले, पण दिलेली माहिती परत घेता येत नाही. आरटीओच्या खिडकीवर रांगेत उभे राहून लोकांनी जो पत्ता आणि जे छायाचित्र दिले, ते गाडी चालवण्याच्या परवानगीसाठी दिले होते. मार्च 2020 मध्ये दिल्लीच्या दंगलीसंबंधी बोलताना केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की चेहरे ओळखण्यासाठी चालक परवान्यांची माहितीही वापरली गेली. दंगलखोर सापडायलाच हवेत. तरीही परवाना काढताना हा वापर कोणाला सांगितलेला नव्हता, हे तितकेच खरे आहे.

कंपन्यांच्या हाती हीच माहिती गेली तर काय होते, हे परदेशांत दिसले. 2011 मध्ये नेदरलँड्समधील टॉमटॉम या दिशादर्शक बनवणाऱ्या कंपनीने ग्राहकांच्या वेगाची एकत्रित माहिती विकली, आणि पोलिसांनी तिच्या आधारे वेगतपासणीच्या जागा ठरवल्याचे उघड झाले. कोणाचेही नाव त्यात नव्हते, तरी ग्राहक इतके दुखावले की कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली. 2024 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांतून चालकाच्या वेगाची आणि ब्रेक दाबण्याची नोंद विमा कंपन्यांपर्यंत पोचत असल्याचे बाहेर आले. तिथल्या व्यापार आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे काही गाड्यांचे स्थान दर तीन सेकंदांनी टिपले जात होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे 8 लाख विजेवरच्या गाड्यांची माहिती एका उघड्या साठ्यात पडून असल्याचे आढळले. ती कोणी चोरली नव्हती, कुलूपच लावलेले नव्हते. साठा नसता, तर कुलपाची काळजीही नसती.

नियम आणि खासगीपण एकत्र नांदू शकतात का, याचे सर्वांत समाधानकारक उत्तर मला जर्मनीच्या हॅनोव्हर शहराजवळच्या एका रस्त्यावर सापडते. तिथे जानेवारी 2019 मध्ये सरासरी वेग मोजणे सुरू झाले आणि मार्चमध्ये न्यायालयाने ते थांबवले. वेग मोजण्यावर न्यायालयाचा आक्षेप नव्हता; प्रत्येक गाडीचा क्रमांक टिपायला कायद्याचा आधारच नाही, हा आक्षेप होता. प्रांताच्या विधिमंडळाने कायदा केला, नियमात चालणाऱ्याची नोंद आपोआप पुसण्याची अट त्यात आली आणि त्याच वर्षी यंत्रणा पुन्हा सुरू झाली. त्यामागे तिथल्या घटनात्मक न्यायालयाची जुनी भूमिका होती. 2008 मध्ये त्याने सांगितले होते की वाचलेला क्रमांक हव्या असलेल्या यादीत नसेल तर तो तत्क्षणी पुसला पाहिजे, आणि डिसेंबर 2018 च्या निर्णयात ते आणखी पुढे गेले: नोंद लगेच पुसली तरी तपासणी हा हस्तक्षेपच आहे, म्हणून तिला कारण लागतेच. ऑस्ट्रियाच्या घटनात्मक न्यायालयानेही 2007 मध्ये अशाच यंत्रणेला ठरावीक रस्त्यापुरती मर्यादा घातली. या देशांतला वेगाचा बंदोबस्त ढिला आहे, असे कोणी म्हणणार नाही.

तंत्रज्ञ मंडळी सांगतात की आम्ही क्रमांक साठवत नाही, त्याचे गणिती रूपांतर करून सांकेतिक खूण साठवतो. हा दावा हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. पुण्याच्या एमएच 12 मालिकेत दोन अक्षरे आणि चार आकडे येतात. सर्व अक्षरे धरली तरी 26 गुणिले 26 गुणिले 9,999, म्हणजे 68 लाखांच्या आतच क्रमांक होतात. साऱ्या महाराष्ट्राचे आरटीओ संकेतांक घेतले तरी आकडा काही दशकोटींत राहतो. एवढ्या सगळ्या क्रमांकांची तीच सांकेतिक रूपे काढून जुळवून पाहणे हे घरगुती संगणकाला थोड्या वेळाचे काम आहे. म्हणजे कुलूप आहे, पण किल्ल्या मोजक्याच आहेत आणि त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या रूपांतरात गुप्त किल्ली मिसळली, ती दररोज बदलली आणि दिवसाअखेर नष्ट केली, तर हा उपाय खरा ठरतो. निविदेच्या कागदात ‘माहिती सुरक्षित ठेवली जाईल’ एवढेच वाक्य असते, तेव्हा मला या किल्लीची आठवण येते.

ज्यांनी गाड्यांना एकमेकींशी बोलायला शिकवले, त्या अभियंत्यांनी हा विचार आधीच केला होता. एका गाडीने दुसरीला सेकंदाला दहा वेळा आपले स्थान आणि वेग कळवायचा, म्हणजे वळणापलीकडची गाडी दिसण्याआधीच धोका कळेल, अशी ती कल्पना आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2017 च्या प्रारंभी ती सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्या संदेशात चालकाची किंवा मालकाची ओळख पटेल असे काही असू नये, ही अट त्यातच होती. संदेश खरा आहे याची ग्वाही देणारी प्रमाणपत्रे टोपणनावाची असतात आणि थोड्या थोड्या वेळाने बदलतात. पुढे 2023 मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला, पण रचनेतला शहाणपणा बाद होत नाही. जीव वाचवणारा संदेश हाच दंडाचा पुरावा होऊ लागला, तर लोक उपकरणाची तार कापतील आणि वळणापलीकडची गाडी पुन्हा अदृश्य होईल. सुरक्षेसाठी दिलेली माहिती दंडासाठी वापरायची नाही, ही भिंत चालकाइतकीच रस्त्यावरच्या इतरांच्या जिवासाठीही आहे.

शिवाय वेग आटोक्यात ठेवायला प्रत्येक वेळी कोणाला तरी कळवावेच लागते असे नाही. जुलै 2019 पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींत ताशी 80 किलोमीटर ओलांडले की थांबून थांबून आणि 120 ओलांडले की सतत वाजणारी सूचना सक्तीची आहे. ती फक्त गाडीतल्या माणसांना ऐकू येते. युरोपीय संघाने जुलै 2024 पासून सर्व नव्या मोटारींत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी प्रणाली अनिवार्य केली, तीही गाडीच्या आतच काम करते. आपल्या सूचनेला रस्त्याची खरी मर्यादा कळत नाही, हा तिचा दोष आहे. शाळेसमोर चाळिसाऐवजी साठने जाणाऱ्याला ती काहीच बोलत नाही. हा दोष दूर करण्यावर खर्च केला, तर माझ्या मते तो साठे उभारण्यावरच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक जीव वाचवील.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. कोणी एखाद्याला उडवून पळाला, किंवा मुलाला पळवून नेले, तर जुन्या नोंदी हाताशी नसल्यामुळे तपास अडेल, असे पोलीस अधिकारी म्हणतात. अशा घरातल्या माणसापुढे उभे राहून खासगीपणाची महती सांगणे मला जमणार नाही. पण तपासासाठी ज्या गाडीचा शोध आहे तिचा क्रमांक कमानींना देता येतो आणि ती गाडी पुढे जिथे दिसेल तिथे सूचना मिळते. बाकीच्या लाखो गाड्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. अपघातस्थळाच्या आगेमागे तासाभराचे चित्रण राखण्याचा आदेश तात्काळ देता येईल, अशी सोय करावी, आणि त्यासाठी सर्वच नोंदी काही तास ठेवाव्या लागल्या तर त्यालाही माझी हरकत नाही. काही तास आणि काही वर्षे यांत फरक आहे. आदेश कोणी दिला, कशासाठी दिला आणि कोणी काय पाहिले, याची मात्र पुसता न येणारी नोंद हवी. आज पाहणाऱ्याची नोंद पाहिल्या जाणाऱ्याच्या नोंदीइतकी काटेकोर ठेवली जात असेल, असा भरवसा देणारे काही नियमात दिसत नाही.

2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ही उणीव भरून काढील, अशी अनेकांची समजूत आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने, दीड वर्षाच्या मुदतीत लागू व्हायच्या आहेत. पण त्याच कायद्याच्या कलम 17 ने अपराधाचा प्रतिबंध, शोध आणि तपास यांसाठी होणाऱ्या वापराला बहुतेक बंधनांतून वगळले आहे. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी राहते. पण ती पाहण्याचा किंवा पुसून घेण्याचा नागरिकाचा हक्क तिथे उरत नाही. म्हणून हे संरक्षण मोटार वाहन नियमांतच यावे लागेल. त्या नियमांत दुरुस्ती करताना आधी मसुदा राजपत्रात येतो आणि हरकती व सूचना मागवल्या जातात. मसुद्याची वाट न पाहता मी नियम 167अ मध्ये घालायचे पोटकलम मंत्रालयाकडे पाठवले आहे, ते असे: “इलेक्ट्रॉनिक देखरेखीत ज्या वाहनाने अपराध केल्याचे आढळले नाही, त्याची कोणतीही नोंद चोवीस तासांपेक्षा अधिक काळ ठेवली जाणार नाही, अपराधाच्या नोटिशीत वाहनातील व्यक्तींचे चेहरे दाखवले जाणार नाहीत, आणि वाहनाने सुरक्षेसाठी किंवा पथकरासाठी पाठवलेली माहिती वेगमर्यादेच्या उल्लंघनाचा पुरावा म्हणून वापरली जाणार नाही.”